कन्येचं फाउंडेशन

१ जून, शनिवार
आजपासून रोजनिशी लिहायची. उद्या कन्येचा कुठे सत्कार झाला आणि वडिलांनीही दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला, तर ऐन वेळी काही आठवत नाही. टिपून ठेवलेलं बरं.

कन्या नववीत गेली. कॉलेजची प्रवेश परीक्षा बारावीनंतर, म्हणजे हाताशी चार वर्षं आहेत. काल साडूंना फोनवर सहज म्हटलं, यंदापासून सुरुवात करतोय. ते म्हणाले, उशीर केलात. त्यांचे चिरंजीव सातवीपासून क्लासला जातात म्हणे. साडूंचं हे नेहमीचंच. आम्ही फ्रिज घेतला तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

दिवसभर बसून चार वर्षांचं टाइमटेबल केलं. चार रंगांत. हॉलमध्ये तेवढी मोठी मोकळी जागा नव्हती म्हणून आरशावर चिकटवलं. सौ.ने विचारलं, मी केस कुठे विंचरू? मी म्हटलं, त्याग सगळ्यांनाच करावा लागणार. ती आत निघून गेली. पटलं असावं.

२ जून, रविवार
टाइमटेबलप्रमाणे पहाटे पाचला कन्येला उठवायचं होतं. गजर ऐकू आला नाही. सव्वाआठला उठून पाहतो तर कन्या आपली आपण उठून गणितं सोडवत बसलेली. एका दिवसात एवढा परिणाम मलाही अपेक्षित नव्हता.

१० जून, सोमवार
क्लासमध्ये नाव घातलं. कोर्सचं नाव फाउंडेशन. सुरुवातीला सगळी मुलं एकत्र, ऑगस्टअखेर तीन बॅच पाडणार : गरुड, राजहंस आणि मयूर. क्लासमधल्या चाचण्यांचे मार्क आणि दर रविवारी घरी द्यायच्या ऑनलाइन टेस्टचे मार्क, दोन्ही धरणार. लॉगिन पालकाच्या मोबाइलवर. ही पद्धत मला आवडली. सूत्रं योग्य हातात राहतात.

गरुड बॅचला फिजिक्स शिकवतात ते मोठे सर. त्यांनी आज नमुन्यादाखल एक तास घेतला. कन्या घरी आली ती थेट बाथरूममध्ये गेली आणि पाण्याने भरलेली बादली हाताने गरागरा फिरवू लागली. पाणी सांडत का नाही ते तिला बघायचं होतं. तिसऱ्या फेरीला कडी निसटली. सौ. ओरडली. कन्या भिजल्या कपड्यांनी बाहेर येऊन म्हणाली की तिला गरुडच हवी, कारण मोठे सर फक्त तिथेच आहेत. आजवर या मुलीने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. मी ठरवलं, आता या कामात मी स्वतः उतरणार.

१५ जून, शनिवार
पालक अभ्यासाला बसले की मुलं आपोआप बसतात, असं क्लासच्या माहितीपत्रकात आहे. कन्या आपोआप बसलेलीच असते, पण तत्त्व म्हणून मी गाइड विकत आणलं. आमच्या वेळी मार्गदर्शन नव्हतं. नाहीतर आज मी लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात बसलो नसतो.

गाइड ऑफिसला नेलं. टेबलावर दोन फोन, तक्रारींची फाइल आणि गाइड ठेवायला अगदी बेताची जागा. ‘गती’ हा धडा रंगात आला असतानाच एका बाईंचा फोन, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकल्यात. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, माणूस निघालाय. मग धडा संपवला आणि माणसाला निघायला सांगितलं. साहेबांकडे त्या बाईंची तक्रार गेली. साहेबांनी मला बोलावून विचारलं की टेबलावर नववीचं पुस्तक कशासाठी. मी म्हटलं, दूरदृष्टी.

२३ जून, रविवार
आज पहिली ऑनलाइन टेस्ट. मोठे सर रविवारी सकाळी शंका सोडवायला क्लासमध्ये बसतात, कुणीही जावं. कन्या गेली. टेस्ट दिवसभरात कधीही दिली तरी चालते, आल्यावर देते म्हणाली.

प्रश्न कसे आहेत ते नुसतं बघावं म्हणून मी उघडली, तर एकदम घड्याळच सुरू झालं. बंद करावं तर पेपर कोरा जमा होणार. पोटच्या मुलीचा पेपर कोरा जाऊ देणारा बाप मी नव्हे. सगळा सोडवला. एकही प्रश्न सोडला नाही.

शंभरपैकी उणे चार. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात म्हणे. शून्याच्या खाली जाता येतं हे मला माहीत नव्हतं. अशाने कोवळ्या मनांचं काय होत असेल? कन्येला हा आकडा दाखवणं बरं नव्हे. ती आल्यावर सांगितलं की सर्व्हर बंद पडलाय, आजची टेस्ट रद्द. तिने लगेच विश्वास ठेवला. माझ्यावर गेली आहे.

३० जून, रविवार
आठवडाभर विचार केला. मागचं नुकसान भरून काढायची जबाबदारी कुणाची? ज्याच्या हातून झालं त्याची. म्हणजे आजची टेस्टही मलाच द्यावी लागणार. कन्येला म्हटलं, ऑनलाइन टेस्ट आता पालकांसाठी आहेत, तू शंका विचारायला जात जा. तिने विचारलं, असं कोण म्हणालं? मी म्हटलं, वरून आलंय. आमच्या ऑफिसात एवढ्यावर काहीही चालतं. घरातही चाललं.

अकरा मार्क! एका आठवड्यात पंधरा मार्कांची झेप. साडूंना फोन करून सांगितलं की आमच्याकडे प्रगती सुरू आहे. किती मार्क ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आकड्यांच्या मागे लागणं मला पटत नाही.

१४ जुलै, रविवार
आज पेपर काढणाऱ्याचीच चूक सापडली. प्रश्न असा : एक माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वेग वाढवत वर जात आहे, तर काटा किती वजन दाखवील? यात विचारण्यासारखं काय आहे? जेवढं असेल तेवढंच. मी अठरा वर्षं लिफ्टच्या धंद्यात आहे. या काळात लिफ्ट अडकल्याच्या, आपटल्याच्या, दार उघडेना म्हणून रडल्याच्याही तक्रारी आल्या. वजन वाढल्याची एकही नाही.

क्लासला सविस्तर ईमेल लिहिला. तो लिहिण्यात टेस्टची वेळ संपली. मार्क दोन. पण सत्यासाठी किंमत मोजावी लागतेच.

संध्याकाळी कन्येला सहज तोच प्रश्न विचारला. वजन जास्त दिसेल म्हणाली आणि वहीत बाण काढून समजावू लागली. मी मन लावून ऐकलं. तिचं मन मोडवेना.

२८ जुलै, रविवार
काल क्लासमधल्या चाचणीचा निकाल लागला. कन्या तिसरी! सौ.ने तिला जवळ घेतलं. शेजारच्या काकूंनी माझंही अभिनंदन केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं. शेवटी घरातलं वातावरण महत्त्वाचं.

त्याच उत्साहात आज टेस्टला बसलो. सात. पेपर फार लांबलचक होता आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. सौ.ला सांगितलं की रविवारी बारापर्यंत कुकर लावायचा नाही. का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, परीक्षा आहे. कुणाची, असं तिने विचारलं. कन्या तर बाहेर गेलेली होती. मी विषय बदलला.

११ ऑगस्ट, रविवार
नवी रणनीती. सगळ्या प्रश्नांना तिसरा पर्याय. विचार करून उत्तर दिलं की चुकतं, हे एव्हाना सिद्ध झालेलं आहे.

उणे नऊ. तिसरा पर्याय मुद्दाम टाळलेला दिसतो. या क्लासला माझी पद्धत कळली असावी.

शेवटच्या दोन टेस्ट उरल्यात. त्यात शंभरपैकी शंभर काढले तर सरासरी जागेवर येते. हिशेब करून पाहिला. अशक्य नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार
यादी लागली. कन्या मयूरमध्ये.

मी तिला म्हटलं, मोराला कमी लेखू नये. ती बाथरूममध्ये गेली, नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. सौ.ने विचारलं तर म्हणाली, साबण गेला. मग मोठ्या सरांच्या तासाची वही तिने दप्तरातून काढून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. सौ.ला म्हणाली की आपल्याला जमतंय असं नुसतं वाटत होतं, मार्क आले की खरं काय ते कळतंच.

हा सरळसरळ अन्याय आहे. एवढ्या हुशार मुलीला मयूर? सोमवारी जाऊन जाब विचारणार. जेवण गेलं नाही. भाजीत मीठ कमी होतं, त्यामुळे असेल.

२ सप्टेंबर, सोमवार
अर्धी रजा टाकून क्लासमध्ये गेलो. कन्या येत नव्हती, तिला बळेच नेलं. म्हटलं, बाप कसा भांडतो ते बघ.

मोठे सर फळा पुसत होते. हाताला खडू, चष्म्यालाही खडू. मी आवाज चढवून सुरुवात केली. सर म्हणाले की बरं झालं आलात, मी तुम्हाला बोलावणारच होतो. त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले. क्लासमधल्या चाचण्यांत कन्या पहिल्या पाचांत. रविवारच्या टेस्टमध्ये सगळ्या क्लासात शेवटची. ते म्हणाले की घरी काही ताण आहे का, असंच मला आधी वाटलं. मग आज सकाळी या टेस्ट सोडवल्याच्या वेळा पाहिल्या. प्रत्येक टेस्ट रविवारी सकाळी सोडवलेली आहे, आणि प्रत्येक रविवारी सकाळी ही मुलगी माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसून शंका विचारत होती.

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. कन्येने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तीन पात्यांचा होता.

मी म्हटलं, सर्व्हरचा काहीतरी घोळ असेल. सर म्हणाले, असेल. आत्तापर्यंतचे रविवारचे मार्क काढून टाकू. येत्या रविवारी हिने स्वतः एक पेपर द्यायचा, त्यावर बॅच ठरवू. स्वतः हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. घरूनच देऊ दे, म्हणाले, माझा हिच्यावर विश्वास आहे.

परत येताना कन्या पुढे चालत होती, मी मागे. मी म्हणत होतो की हे सगळं तिच्याचसाठी, तिचा वेळ वाचावा म्हणून, वडिलांचं काळीज तिला पुढे कळेल. औषधांच्या दुकानाशी ती थांबली. मागे वळली आणि म्हणाली की बाबा, तुम्हाला परीक्षा द्यायची होती तर तुमच्या नावाने द्यायची ना. शनिवारपासून मला वाटतंय की मीच ढ आहे.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी तोंडही उघडलं. तोवर ती पुढे निघाली होती.

६ सप्टेंबर, शुक्रवार
घरात माझ्याशी सगळे व्यवस्थित बोलतात. हे काही चांगलं लक्षण नाही.

कन्येला म्हटलं, रविवारच्या पेपरसाठी थोडं मार्गदर्शन करू का? नको म्हणाली. प्रश्न सोडून देण्याचंही एक तंत्र असतं, ते तरी सांगू का? तेही नको. वही मात्र फळीवरून खाली आलेली दिसली.

साडूंचा फोन आला होता. अभ्यास कसा चाललाय, विचारत होते. मी म्हटलं, तिचा बरा चाललाय. ते आणखी काही विचारतील म्हणून घाईघाईने ठेवून दिला.

८ सप्टेंबर, रविवार, सकाळी
कन्येने उठल्या उठल्या माझा मोबाइल मागितला. दिला. तिने लॉगिन बदलून आईच्या मोबाइलवर घेतलं आणि माझा मोबाइल परत दिला. धन्यवादही म्हणाली.

दहाला पाच कमी असताना आतल्या खोलीत गेली. मी पाणी नेलं. तिने दारातच तांब्या घेतला. मी विचारलं, आणखी काही लागेल का? म्हणाली, नाही बाबा, तुम्ही बसा. दार लावून घेतलं. मग आतून कडी लावल्याचा आवाज आला. आमच्याकडे त्या दाराला कडी आहे हे मला आजच कळलं.

सौ.ला म्हटलं, कडी लावली की एकाग्रता वाढते. कुकर लावायचा राहिला होता, तो तिने आपणहून लावला नाही.

बाहेर खुर्चीवर बसलोय. आतून मधूनमधून कागदावर पेन चालल्याचा आवाज येतो, मग थांबतो, मग पुन्हा येतो. परीक्षा सुरू झाली. मला काही काम नाही.