मामाला वाटतं की नानांना माहीत नाही

४ मार्च

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही मायलेकी सुखरूप पोचलात असं समजतो. हे पत्र रागात लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

नानांच्या पोटातली गाठ वाईट आहे, हे त्यांना कळू नये म्हणून मी काय काय केलं! पित्त आहे, एवढंच त्यांना सांगितलं. माझ्याच दुकानातल्या औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं ब्लेडने खरवडली. तुलासुद्धा स्वयंपाकघराचं दार लावून सांगितलं. तुझी चिमी टेबलाखाली बसली आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी! दुसऱ्या दिवशी नानांनी तिला सहज विचारलं की मी कधी बरा होणार गं. तर नऊ वर्षांची पोर तोंडावर सांगते की तुम्ही बरे होणार नाही, मामा म्हणाला फार तर दोन महिने. तेही गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात.

तेव्हापासून नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी पोरीला दोष देत नाही. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय हे जिला कळत नाही, तिला आजारी माणसाजवळ न्यायचं कशाला? यापुढे येशील तेव्हा एकटी ये.

राग माझा आहे, मायाही माझीच. दोन्ही सांभाळून घे.

तुझा दादा


९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

एकटी कशी येऊ? चिमीचे वडील घर सोडून गेले तेव्हापासून आम्ही दोघीच आहोत. कारखान्याच्या शिवणखात्यातून सुटले की आधी तिला शाळेतून आणायला धावते. तिला ठेवू कुणाकडे?

तिला मनातलं कळत नाही म्हणतोस. दोन वर्षांपूर्वी तिला तपासणाऱ्या डॉक्टरबाईही हेच म्हणाल्या होत्या. त्यांनी एक खेळ दाखवला. एक बाहुली डबीत बटण ठेवून बाहेर जाते, दुसरी ते टोपलीत लपवते. पहिली परत आल्यावर कुठे शोधेल? चिमी म्हणाली, टोपलीत. बटण तर तिथेच आहे ना! बाहुलीला ते माहीत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

पण तिच्या शिक्षिकेने हार मानली नाही. बाहुलीला वाटतं की बटण डबीत आहे, अशी वाक्यं मांडायला शिकवलं. तुम्हीआम्ही नजरेने ओळखतो ते ती आता वाक्यं जुळवून ओळखते, भागाकार करावा तसं. वेळ लागतो, पण उत्तर येतं. तिला नियमही शिकवलाय, की समोरच्याला माहीत नसेल आणि त्याने विचारलं तर सांगायचं. नानांनी विचारलं, तिने सांगितलं. सांगू नकोस असं तिला कुणी म्हटलं होतं? दोन दिवसांत तू तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस. तिला भूक लागली का, हेसुद्धा मला विचारत होतास. ती समोर उभी होती, दादा.

नानांना जपा. वहिनीला नमस्कार. जे मनात आलं ते लिहिलं, मोठ्या मनाने घे.

तुझी धाकटी


१४ मार्च

चि. मुलीस नानांचे आशीर्वाद.

पडल्यापडल्या लिहितोय, अक्षर गोड मानून घे.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापलेल्यापेक्षा गळलेलं मला आधी दिसतं. खरवडलेली बाटली बघून मी काही ओळखणार नाही, असं तुझ्या दादाला वाटलं! पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून मीही पित्ताला शिव्या देत राहिलो. आता भिंतीकडे तोंड करतो, कारण त्याचा चेहरा बघवत नाही. खोटं बोलून दमलाय बिचारा.

चिमीला मुद्दाम विचारलं. घरात एकाने तरी खरं बोलावं, असं फार वाटत होतं. तिने सांगितलं. मग खिडकीच्या कडीकडे बघत बराच वेळ ओठ हलवत बसली आणि म्हणाली की, मामाला वाटतं की नानांना माहीत नाही, पण नानांना आधीच माहीत आहे, कारण नाना दचकले नाहीत. हे मामाला सांगायचं का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. तुलाही बोलली नसेल, पैजेवर सांगतो.

एवढी शहाणी माणसं घरात, आणि माझं मन वाचलं ते तिने. तिला घेऊन ये. येत्या रविवारीच ये. मला तिच्याशी बोलायचंय. हे पत्र दादाजवळ टाकायला देतोय.

वाट पाहतो, यापरतं काय लिहू?

नाना


७ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

नानांना अखेरचं पोचवायला तुम्ही दोघी आलात, तेव्हा तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. सोबत नानांचं पत्र आहे. तारीख बघ.

पाकीट उघडंच होतं. मी वाचलं. महिनाभर ज्यांच्यापुढे हसून पथ्यपाणी सांगत होतो, ते सगळं ओळखून होते. आणि ते कळलं कुणाला, तर त्या पोरीला. मला नाही. ते झोंबलं. उद्या टाकू, परवा टाकू म्हणत दुकानाच्या खणात ठेवलं. नाना रोज विचारायचे की उत्तर आलं का. मी सांगायचो की टपाल रखडलंय.

मारलंस तरी चालेल, पण बोलणं टाकू नकोस.

दादा


१२ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

पत्र पोचलं. नानांची पैज खरी होती. चिमी मला एक अक्षर बोलली नव्हती.

टपाल रखडलंय म्हणालास, तेही नानांनी ओळखलंच असणार. आणि तुला बरं वाटावं म्हणून मान डोलावली असणार.

चिमीने त्यांचं पत्र दोनदा वाचलं. मग बोटांवर मोजून म्हणाली की नाना जाईपर्यंत एकोणीस दिवस होते, आणि बसला तीन तास लागतात. मी पत्र घडी करून ठेवलं. थोड्या वेळाने मी भांडी घासत होते, तर मागे येऊन उभी राहिली. म्हणाली की नाना वाट बघतायत हे मामाला माहीत नसेल, नाहीतर त्याने पत्र टाकलं असतं.

हो म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर तुझी बाजू राहिली असती. पण तिच्याशी मी खोटं बोलत नाही. मामाला माहीत होतं, असं सांगितलं.

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले. तिने मी घासलेली भांडी उचलली आणि एकेक करून फळीवर लावली.

वहिनीला नमस्कार. लोभाचं पुढे पाहू.

तुझी बहीण