दिवस म्हणजे चोवीस तास

६ ऑक्टोबर १९८४, शनिवार

आज वेंडेलने नियम तिला विचारला. मला नाही. तिला!

सहा वर्षं झाली या खेळाला – फासे, नियमांचं पुस्तक आणि कागदावर लिहिलेलं प्रत्येकाचं एक पात्र. दर शनिवारी दुपारी वेंडेलच्या तळघरात. गोष्ट तो चालवतो – राक्षस त्याचे, गुहा त्याच्या – आणि अडला की मान उजवीकडे वळवतो: "नॉर्ब, काय म्हणतंय पुस्तक?" उजवीकडची खुर्ची माझी. मी पान न उघडता सांगतो. तेवढं एकच तर येतं मला. बाकी आठवडाभर चीजच्या कारखान्यात दह्याच्या कढया ढवळतो, तिथे मला कोण काय विचारतंय!

आणि आज एका भिंतीवर चढायचं होतं, चोराला दोर लागतो की नाही एवढाच प्रश्न. चोर म्हणजे माझं पात्र! फिंच. पण वेंडेलने मान डावीकडे वळवली. "डोरीन, तुला काय वाटतं?"

डोरीन प्रिबिल. दाताच्या डॉक्टरकडे कामाला आहे, मिलवॉकीहून येऊन जेमतेम पाच आठवडे झालेत. आणि बरोबर सांगितलंन, तेच वाईट.

७ ऑक्टोबर

नव्याचे नऊ दिवस. बघू.

१३ ऑक्टोबर, शनिवार

फिंच मरता मरता वाचला. वाचवलं कुणी? तिनेच!

नीट लिहितो. डोरीनचं पात्र म्हणजे देवाला वाहिलेली एक योद्धी, ब्रिजिट. तिची शक्ती अशी की जखमेवर हात ठेवला की जखम भरते. दिवसातून एकदाच. खेळातल्या सकाळी हिने तो हात वाया घालवला खेचराच्या लंगड्या पायावर. खेचराच्या! मग आम्ही गुहेत उतरलो, आठ तास झोपलो, उठलो आणि फिंच सापळ्यात पडला. माझा फासा पडला दोनवर. जीवाचे गुण शून्याच्या खाली. संपलाच म्हणा. इतक्यात ही म्हणते, "मी हात ठेवते. झोप झाली, म्हणजे नवा दिवस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही चालणार. दिवस म्हणजे चोवीस तास. खेचराला हात लावून अजून चोवीस तास झालेले नाहीत."

"अरे, तुझाच जीव वाचवतेय ती!" ड्वेन ओरडला. ड्वेन वेंडेलचा चुलतभाऊ. नियम एकही येत नाही, खायला मात्र पहिला.

"नियम म्हणजे नियम. नाहीतर सूर्योदय तरी व्हायला हवा."

"पाताळात कुठला सूर्य, नॉर्बर्ट?" डोरीन म्हणाली.

सगळे खो खो हसले. वेंडेल तर टेबलावर हात आपटून. आणि निकाल दिला – वाचला फिंच, पुढे चला. पुस्तकात म्हणे दिवसाचा अर्थ दिलेला नाही. नाही दिलेला, हे मला ठाऊक आहे! पण मला विचारायचं तरी!

१५ ऑक्टोबर

खेळ छापणाऱ्या कंपनीला पत्र टाकलं. आपला पत्ता लिहून, तिकीट लावून परतीचं पाकीट आत घातलं की तिथली माणसं उत्तर देतात. उशिरा देतात, पण देतात. चार वेळा लिहून काढलं. "आमच्यात नव्यानेच आलेल्या एका खेळाडूचा असा गैरसमज आहे की…" असं लिहिलं. नाव कशाला घालायचं तिचं.

उत्तर येऊ दे. सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

२७ ऑक्टोबर, शनिवार

ती चेरीच्या वड्या घेऊन आली होती, घरी भाजलेल्या. ड्वेनने सहा खाल्ल्या. मी कारखान्यातून ताजं चीज नेलं होतं, दाताखाली चीं चीं वाजणारं, त्याच सकाळचं. कुणी हात लावला नाही. सहा वर्षं तेच आणतोय, पण म्हणून काय झालं?

वेंडेलने तिला तीनदा विचारलं. मला एकदा, ते पण "नॉर्ब, दिवा लावतोस का?"

हो, जळतो मी. इथे लिहायला काय लाज? पोटात दुखतं माझ्या. तिने चुका तरी कराव्यात!

१० नोव्हेंबर

टपालात काही नाही. नुसती बिलं.

१७ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, म्हणजे खेळ नाही. पहाटेपासून वेंडेल आणि मी झाडावरच्या फळीवर. हरीण एक नाही, थंडी मरणाची. बरं वाटत होतं पण. आम्ही दोघंच, पूर्वीसारखे. आणि हा बाबा थर्मासमधली कॉफी ओतताना म्हणतो काय, "डोरीन आल्यापासून मजा वाढली नाही का रे?"

रागाच्या भरात मी पत्राचं सांगून टाकलं.

त्याने थर्मास खाली ठेवला. "म्हणजे तू बरोबर ठरलास तर?"

"तर काय? ती चुकली!"

"अरे येड्या, तर फिंच मेला! तिचा हात चालला नाही म्हणजे तू ऑक्टोबरातच मेलास. आपल्या टेबलाचा कायदा काय? कंपनीचं उत्तर टेबलावर वाचलं गेलं की तेच खरं, मागचं पण बदलायचं. तूच लावलायस तो!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच. आईशप्पथ.

"दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापणारा पहिल्यांदाच बघतोय," वेंडेल म्हणाला. एवढा हसला, की हरणं होती-नव्हती ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली असतील.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आलं!

"दिवस म्हणजे शक्ती वापरल्यापासून पूर्ण चोवीस तास. झोपेचा संबंध नाही." मी बरोबर!! शब्दाला शब्द.

आणि फिंच मेला.

बरोबर ठरल्याचा आनंद व्हायला हवा. सात मिनिटं झाला. मग त्याचा कागद काढून बघत बसलो. कोपरा बियरने पिवळा झालाय. खोडून खोडून कागद आरपार झालाय एका ठिकाणी. वडील गेले त्या आठवड्यात पण मी शनिवारी गेलो होतो आणि फिंचने एका राजाचं कुलूप उघडलं होतं. कुणी मला काही विचारलं नाही त्या दिवशी, नुसतं खेळले माझ्याबरोबर.

पत्र चुलीत टाकावं का? कुणाला कळणार नाही. पण मग ती जिंकली. नाही, तसं नाही व्हायचं.

१ डिसेंबर, शनिवार

वाचलं मी.

पाकीट काढलं तेव्हाच डोरीनचा चेहरा उतरला. "नॉर्बर्ट, राहू दे ना. कशाला वाचतोस? छान चाललंय की." घाबरली, म्हटलं! हरायची पाळी आली तशी गोड बोलते! मी आणखी मोठ्याने वाचलं.

कुणी हसलं नाही. ड्वेनने हातातली वडी खाली ठेवली. वेंडेल म्हणाला, "बरोबर आहेस तू, नॉर्ब." किती महिने ऐकायचं होतं हे मला! आणि ऐकू आलं तेव्हा मी फिंचचा कागद पुढे सरकवत होतो. मेलेल्यांचे कागद आम्ही जिन्याच्या भिंतीला ठोकतो. खिळा वेंडेलने धरला, हातोडी मी मारली. दोनदा चुकलो. अंगठा सुजलाय.

निघताना डोरीन बाहेर बर्फात माझ्या गाडीपाशी आली. मला वाटलं, आता ऐकवणार. तर आपलं पुस्तक पुढे केलंन. "नवं पात्र बनवायला लागेल. तुझ्या पुस्तकाची पानं सुटलीत, मी बघितलंय." डोळे लाल होते तिचे. एवढं काय लागलं तिला हरल्याचं, कोण जाणे.

२ डिसेंबर, रविवार

नवं पात्र बनवायला तिचं पुस्तक उघडलं. योद्ध्यांच्या पानात पाकीट होतं. तीच कंपनी. वर तिचं नाव, शिक्का ३० ऑक्टोबरचा. माझं उत्तर यायच्या महिनाभर आधीचा.

"कुमारी प्रिबिल, नाही. चोवीस तास झाल्याशिवाय हात चालत नाही. तुमच्या मित्राचा चोर मेला आहे. वाईट वाटतं."

मित्राचा, असं लिहिलं होतं तिने.