तिसरी नोंद

प्रिय,

(पुढे काय लिहावं कळेना. जन्मभर ‘अगं’वर भागलं. आता नाव लिहिलं तर पत्र दुसऱ्याच कुणाला चाललंय असं वाटेल.)

तू ताईंकडे राहायला गेल्यापासून आपण फोनवर हवापाणी आणि माझ्या गोळ्या, एवढंच बोलतो. म्हणून लिहायला बसलो. घर ठीक आहे. परवा चहात दोनदा साखर घातली आणि कुणी काही बोललं नाही, तसाच प्यायलो.

काल मी एका सुनावणीला गेलो होतो. हसू नकोस. शिकाऊ उमेदवारांच्या नोंदी नीट ठेवण्यासाठी नवा कायदा करायचं चाललंय, त्याच्या मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकणार होते. आपल्या खारूला लिफ्टचं काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी बोलावलं. मी म्हटलं, मी प्रयोगशाळेत नळ्यांशी बोलणारा माणूस, तिथे काय बोलणार? तर म्हणाले, “साहेब, बोलू नका, नुसते बसा. आमचीपण पोर होती ती.”

सभागृहात सुनावणी घेणाऱ्या बाईंनी भिंतीवर एक चित्र दाखवलं. अंधारात ठिपकेच ठिपके, एकेक ठिपका म्हणजे काम शिकणारं एकेक माणूस. कुणी जोडकाम करणारं, कुणी पाव भाजणारं, कुणी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारं. मी बघतच राहिलो. इतकी माणसं या क्षणी कुणाच्या तरी हातांकडे डोळे लावून उभी आहेत, आणि जग त्यावर चाललंय, हे मला या वयात कळलं.

असंच एकदा झालं होतं. खारूने मला एका इमारतीत लिफ्टच्या माथ्यावरच्या खोलीत नेलं होतं. दोर सरकत होते. म्हणाली, “बाबा, हात नाही लावायचा, कान लावायचा.” मग सांगितलं, की लिफ्ट वर जाते तेव्हा तिला तोलणारं वजन अंधारातून खाली येत असतं, आतल्या माणसांना ते कधीच दिसत नाही. लहानपणी कपाटावर चढून बसायची म्हणून आपण तिला खारू म्हणायचो. त्या दिवशी ती मला फार मोठी वाटली. मी मात्र “पडशील हं” एवढंच म्हणालो.

मग मिस्त्री उठले आणि त्यांनी आपल्या खारूचंच उदाहरण दिलं. ती तापाने गेली, पण ते लिहायला कुठेच जागा नव्हती. कंपनीच्या नोंदीत ती ‘गैरहजर’ आहे. प्रशिक्षण केंद्राच्या नोंदीत तिने ‘स्वतःहून सोडले’. आपल्या पोरीने कधी काही सोडलं होतं का? मग बाईंनी सरकारी कार्यालयातली तिसरी नोंद वाचली. तिथे कुणी काही कळवलंच नव्हतं. तिथे लिहिलंय, ‘शिकत आहे’.

 

कायदा झाला की तिन्ही नोंदींची एकच होईल. अंदाजाने काही लिहिता येणार नाही. ज्यांचं शिकणं मध्येच थांबलं, ते तोवर काय शिकले तेही जपून ठेवतील. नंतर बाईंनी मला हळूच विचारलं, “तुमच्या मुलीची नोंद आत्ताच दुरुस्त करायला घेऊ का?” चुकीची चिठ्ठी लावलेली नळी मी आयुष्यात कधी टेबलावर राहू दिली नाही, तुला माहीत आहे. तरी तोंडातून निघालं, “थांबा जरा.”

दुरुस्ती व्हायलाच हवी. पण ती शेवटची ओळ लिहिण्याआधी, ती कुठवर शिकली होती ते सांगावं लागेल. मिस्त्री त्यांच्याकडचं लिहितील. घरच्यांनाही विचारणार आहेत, आणि मला काही माहीत नाही. मला ती “मस्त चाललंय बाबा” एवढंच सांगायची. तुला मात्र रोज ओट्यावर बसून सगळं सांगायची, मी बाहेर पेपर धरून तुमचं हसणं ऐकायचो. आत यायचं राहून गेलं. तेव्हा तू ये. ओट्यापाशी बस आणि मला पहिल्या दिवसापासून सांग. घाई नाही. तू येईपर्यंत ती शिकतेच आहे.

तुझाच,
‘अहो’