म्हशीच्या पाठीवरची शाळा

प्रिय अक्का,

गावात सरकारी शाळा उघडली. निजामाचं राज्य गेलं आणि मराठीत शिकवणारे मास्तर आले. हे आधी तुला सांगावंसं वाटलं, म्हणून तू गेल्यावर पहिल्यांदाच लिहायला बसलोय.

पण शाळा भरली तेव्हा गुराखी पोरं तिच्या दारावरूनच गुरं घेऊन नदीकडे गेली. मी मास्तरांना विचारलं, या लेकरांसाठी दुपारी नदीवर याल का? ते हसले. "शाळा कुठं गुरांमागं जाते का हो?"

तुझी जायची. गुरं कयाधू नदीच्या पाण्यातून निघून झाडाखाली रवंथ करत बसली की तुझा वर्ग भरायचा. पाट्या नव्हत्या, पण म्हशींच्या पाठीवर चिखल असायचा. त्यात काडीनं अक्षरं काढायची. "पाटी फुटते, म्हैस फुटत न्हाई," तू म्हणायचीस. आई कपाळाला हात लावायची. "विधवा होऊन माहेरी आली, अन् आता म्हशी गिरवून राहिली."

पाटलाच्या म्हशी राखणारी गंगी सगळ्यांत हुशार. स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी तिनं ते पुसू दिलं नाही. "राहू द्या ना अक्का, मायला दाखवते." तू राहू दिलंस. काहून, अक्का? जनावरावरची खूण मालकाचीच असते, हे तुला ठाऊक नव्हतं?

संध्याकाळी ती म्हैस पाटलाच्या गोठ्यात शिरली. कारकुनानं नाव वाचून दाखवलं आणि पाटील भडकला. "सालगड्याची पोर माझ्या म्हशीवर हक सांगती?"

तू समजवायला गेलीस, मीही सोबत होतो. "चिखल आहे पाटील, धुतला की जाईल."

"चिखल धुतो मी, बाई. पोरीला लिवता येऊन राहिलं, ते कशानं धुवू?"

आपण तसेच माघारी आलो.

गंगीला बापानं जवळा बाजार या गावी मावशीकडे कापूस वेचायला धाडलं. बाकीच्यांना आयबापांनी पलीकडच्या काठानं जायला सांगितलं. तरी तू रोज दुपारी झाडाखाली जाऊन बसायचीस. कुणाची वाट पाहत होतीस? त्याच हिवाळ्यात तापानं गेलीस.

परवा गंगी बाजारात भेटली. कडेवर पोर होतं. लिहिता येतं का, विचारलं. "न्हाई येत आता, दादा. इसरले. कशाला लागतंय?" एवढं बोलून ती गर्दीत निघून गेली.

मी बातम्या धाडतो त्या वर्तमानपत्राच्या संपादकांना नव्या शाळेवर मजकूर हवाय, सकाळच्या टपालानं धाडायचाय. गावातली सगळी लेकरं शाळेत जाऊ लागली, असं लिहा म्हणालेत. ते वाक्य मी लिहिणार नाही, अक्का. न लिहिल्यानं एकही पोर नदीवरून परत येणार नाही, हे मला कळतं. पण खोटं लिहिणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा धाकटा भाऊ,
नारायण