पहिले माप

मी, पितांबर वल्द दशरथ, वय अंदाजे सत्तर, धंदा धान्य मापणे, राहणार म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा पश्चिम खानदेश, माझ्यामागे काय व्हावे ते स्वहस्ते लिहितो. पाय गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. मुलाने आणून पाहिला.

कलम एक. राहते घर मुलगी रंजनाबाई हिला. माझे हगणेमुतणे तिने काढले. मुलगा हिंमतराव उंबऱ्यातूनच प्रकृती विचारून गेला. त्याला तो उंबराही मिळू नये.

कलम दोन. नदीकाठचे चार एकर रान फुलीबाई, राहणार मोलगी, हिला. ती नसल्यास तिची मुलगी कमलीबाई हिला. कारण लिहिणे भाग आहे.

शके १८४० साली, अठरा वर्षांमागे, पाऊस गेला. डोंगरातली माणसे खाली उतरून माझ्या त्या रानात झोपड्या घालून राहिली. केवलचंद शेठजींनी धर्माची ज्वारी काढली, आठवड्याला घरटी चार पायल्या. माप माझ्या हाती. वाटून उरेल ती झाडण मापाऱ्याची, हा रिवाज. मोजताना आम्ही पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. फुलीबाईने ते ऐकले आणि फडक्यातली एक पायली परत राशीत ओतली. म्हणाली, "भाऊ, लाभ तुन्हा. मन्हं तीन."

डोंगरात ज्याच्या हाती काठी, तो पहिला वाटा घेतो. तसाच मीही, असे तिला वाटले. सांगायला तोंड उघडले आणि मिटले. तिचे पाहून मागचेही ओतू लागले. शिमग्याआधी तिचा तान्हा मुलगा भुकेने गेला. माझ्याच बांधाला पुरला.

हिंमतराव म्हणतो, "आबा, तिनी सोताच दिधं. आपला काय गुन्हा शे?" बाबा रे, त्या झाडणीवरच तू वाढलास.

कलम तीन. माझ्या तेराव्याला बुंदी पाडू नये. घरातली सगळी ज्वारी रंजनाबाईने मोलगीच्या बाजारी नेऊन माझ्याच पायलीने वाटावी. पहिल्या मापाला मोठ्याने 'एक' म्हणावे. लाभ झाला तेवढा पुरे. नंतर पायली ठोकून चपटी करावी.

साक्षीदार: भीकमचंद केवलचंद, करणसिंग वल्द नवलसिंग.
मुक्काम म्हसावद, ता. ९ जानेवारी १९३७.
सही: पितांबर वल्द दशरथ

खाडाखोडीबाबत: पहिल्या कलमाला माझ्या हाताने सवयीने 'लाभ' लिहिले होते. ते खोडून 'एक' केले आहे.