जमिनीवरचा फासा धरत नाहीत

ती. मामांना,

ताठ मानेने नमस्कार. (वाकून नमस्कार करणं मी सध्या बंद ठेवलं आहे, कारण वाकलेला माणूस दिसला की आपल्या घरातले लोक त्याच्या पाठीवर सल्ल्यांची पोती ठेवतात. मामींना मात्र नेहमीसारखा वाकून.) तुमचा गुडघा कसा आहे? घड्याळाच्या दुकानात दिवसभर त्या स्टुलावर बसून दुखतो म्हणता, तर स्टूल बदला. दुकान बदला असं मी म्हणणार नाही. 'हे सोड, ते धर' असं दुसऱ्याला सांगायची आपल्या घराण्याची खोड माझ्यापाशी येऊन संपावी अशी माझी इच्छा आहे. मी खुशाल आहे. झेरॉक्सच्या दुकानातलं काम बरं चाललं आहे. मी वाळलो आहे असं आईला कोणी कळवलं असेल तर ते साफ खोटं, पँट सैल झाली आहे इतकंच.

तुमचं पत्र पोचलं. 'कॉलेज पुरं कर, दाजींची माफी माग आणि ते सोंगट्यांचं खूळ डोक्यातून काढ' असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, तर मीही एका ओळीत उत्तर देतो: नाही, नाही आणि मुळीच नाही. आता कारणं, म्हणजे मला माथेफिरू म्हणताना तुमच्याकडे पुरावा असेल.

कॉलेज मी सोडलं असं सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात मी फक्त वर्गाबाहेर गेलो होतो. पटावरच्या खेळांच्या इतिहासावर मी जीव ओतून निबंध लिहिला होता. सरांनी तो दोन बोटांत धरून (मेलेला उंदीर धरतात तसा) वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "चिरंजीव, खेळण्यांना इतिहास नसतो, बालपण असतं." वर्ग फिदीफिदी हसला. मी उठलो. माझा बेत दारापर्यंतच जायचा होता. सर हाक मारतील, मी तोऱ्यात वळेन, असं चित्र डोळ्यांपुढे होतं. हाक आली नाही. मग जिना उतरावा लागला, मग फाटक, आणि एवढं लांब आलेला माणूस परत कोणत्या तोंडाने जाणार? छत्री अजून बाकाखालीच आहे. आणणार नाही. भिजेन.

इतिहास नसतो म्हणे! मामा, हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांत दागिन्यांशेजारी पट आणि सोंगट्या निघाल्या आहेत. म्हणजे मेल्यावरही वेळ कसा जाणार ही चिंता माणसाला होतीच. दोनशे वर्षांमागे एका दरबारी माणसाने आपल्या राजासाठी एक टेबलच बनवलं, त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते, सगळं हवं तसं मांडता येणारं, म्हणजे लढाई रक्त न सांडता लढता येईल. पुढे त्याच्या फौजेतल्या लेकाने त्या खेळाला नीट नियम दिले, फासे दिले, निवाडा करणारा पंच दिला, आणि फौजेतल्या अधिकाऱ्यांना त्याचं वेड लागलं. (टेबल बापाने केलं आणि नियम लेकाने. हे मी मुद्दाम तुमच्या दाजींसाठी लिहिलेलं नाही. वाचून दाखवलंत तर हरकत नाही.) त्यानंतर बऱ्याच काळाने कोणाला तरी सुचलं की अख्खी फौज कशाला, एकेकाने एकेकच वीर घ्यावा, त्याच्या तोंडून बोलावं, आणि एकाने पंच होऊन पुढची गोष्ट सांगत जावी. आधी मूठभर वेडे एखादं सभागृह भाड्याने घेऊन जमत. आता अशा संमेलनांना जत्रा लोटते. याला इतिहास म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते त्या सरांनी येऊन सांगावं. येताना छत्री आणावी.

तर आमचं संमेलन. ते बॅडमिंटनच्या हॉलमध्ये भरलं होतं, आणि नाही नाही म्हणता हॉल माणसांनी फुलला. कोणी जादूगार, कोणी राक्षस. वाईट दान देणाऱ्या फाशांना उपड्या पेल्याखाली कोंडून 'शिक्षा' देणारे लोक मी याच डोळ्यांनी पाहिले. पोस्टातले एक कारकून पुठ्ठ्याचं चिलखत घालून आले होते. ते उभे राहू शकत आणि आडवे होऊ शकत, मधलं काही जमत नसे. सकाळी माझं इतिहासावर व्याख्यान होतं. श्रोते मोजकेच, पण दर्दी होते. (त्यातले चिलखतवाले आडवे झाल्यामुळे त्यांना जाता आलं नाही, हे विघ्नसंतोषी लोकांचं म्हणणं.)

आणि दुपारचा खेळ ती चालवणार होती. ती कोण, हे मामींनी एव्हाना ओळखलं असेल. आमच्या दुकानासमोरच्या चष्म्याच्या दुकानात ती काम करते. मी तिच्याकडून डोळे तीनदा तपासून घेतले. 'नजरेत काहीही दोष नाही' असं ती तिन्ही वेळा म्हणाली, यावरून तिला अजून काही उमगलेलं नाही हे उघड होतं. खेळात मात्र ती सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारी पंच, असते. तिने नुसता चष्मा वर सरकवला तरी टेबलाभोवतीचे वीर श्वास रोखून धरतात.

आता नीट वाचा. आमचं टेबल डुगडुगत होतं. अशा वेळी तुमचे दाजी काय म्हणतात ते तुम्हाला पाठ आहे. बाबा कोणाच्याही घरी, बारशाला असोत की सुतकाला, डुगडुगतं टेबल दिसलं की ओरडतात, "टेबल वाकडं नसतं रे, जमीन वाकडी असते! आधी फिरवून बघा!" जन्मभर मी हे ऐकलं. सुताराच्या पोराला पाळण्यातच हे ऐकवतात. तर मामा, टेबल फिरवायला मी मुद्दाम नकार दिला. मी माझ्या व्याख्यानाच्या कागदांची जाड घडी केली, तिच्यादेखत ऐटीत वाकलो आणि पायाखाली सारली. डुगडुग थांबली. ती म्हणाली, "वा, हुशार आहेस." (हे शब्द माझ्याबाबतीत गेल्या बऱ्याच वर्षांत कोणी उच्चारल्याचं तुम्हाला आठवतं का?) टेबल एका बाजूला किंचित उतरतं झालं, पण ते कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

खेळ रंगला. सगळे गुहेच्या तोंडाशी पोचले, आत राक्षस. "तुझा वीर काय करतो?" तिने मला विचारलं. आमच्यात असं असतं की काय करायचं ते आपण बोलायचं, कितीचं दान हवं ते सूत्रधाराने सांगायचं, मग फासा टाकायचा. आणि फासा म्हणेल ते सगळ्यांनी मुकाट मानायचं. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी म्हणालो, "माझा वीर गुहेत जात नाही. तो सूत्रधाराला विचारतो की खेळ संपल्यावर ती त्याच्याबरोबर चहाला येईल का. आणि मग रोज."

 शेजारच्या टेबलावरचा राक्षससुद्धा मान वळवून बघायला लागला. ती लाजली नाही, रागावली नाही. चष्मा वर सरकवून म्हणाली, "वीस लागेल." फासा वीस बाजूंचा, म्हणजे याहून मोठं दान नाही. मी फासा मुठीत घेतला, फुंकर मारली आणि टाकला. तो टेबलावर गरगरला, थांबतोय असं वाटलं, आणि मग कोणीतरी हाक मारल्यासारखा उताराकडे निघाला, काठावरून पडला आणि दिसेनासा झाला. सगळी वीरमंडळी हातापायांवर येऊन खुर्च्यांखाली शोधू लागली. तेवढ्यात जमिनीवरून चिलखतवाल्यांचा आवाज आला, "वीस! आईशप्पथ, वीस! माझ्या नाकासमोर आहे!"

मी उडी मारली. मामा, वीस! आणि ती शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवते. संमेलनाचा पहिलाच नियम: जमिनीवरचा फासा धरत नाहीत.

मग मी खुर्चीवर उभा राहिलो. मी म्हणालो, पहिला फासा माणसाने टाकला तेव्हा टेबलं होती कुठे? मातीवरच टाकला ना? सगळा इतिहास जमिनीवर घडला आणि तुम्ही जमीन धरत नाही? टाळ्या पडल्या. (राक्षसाने शिटी वाजवली.) ती तेवढी म्हणाली, "खाली उतर. त्या खुर्चीचा पाय निखळलाय." मी म्हटलं, उतरणार नाही. पण मग खुर्चीच उतरली.

तेव्हा मामा, कोपर सुजलं आहे पण मान ताठ आहे. मी हरलेलो नाही. कॉलेजात जाणार नाही, माफी मागणार नाही, आणि या जगात मला कोणाचीही, विशेषतः बाबांची, काडीइतकी गरज नाही, हे त्यांना ठणकावून सांगा. आईला सांगताना जरा हळू आवाजात सांगा.

तुमचा,
कोणापुढेही न वाकणारा भाचा

ता.क. एक सांगायचं राहिलं. मी हॉलबाहेर पायरीवर कोपर चोळत बसलो होतो, तेव्हा ती फासा द्यायला आली. म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमच्या घरी खेळ आहे. आम्ही आपले सतरंजी टाकून जमिनीवरच बसतो." मी घुश्शात म्हणालो, "जमिनीवरचा फासा धरत नाहीत." ती म्हणाली, "मग टेबल आण."

ता.क. २. सहा जणांची कोपरं मावतील असं, शिसवी नसलं तरी चालेल, पण चहूबाजूंनी बोटभर उंच कड हवी, म्हणजे फासा काही केल्या खाली जाणार नाही. असं टेबल बाजारात मिळत नाही. असं टेबल करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. तुम्ही त्यांना एका गिऱ्हाइकाचं काम म्हणून सांगा. गिऱ्हाईक कोण म्हणून विचारलं तर राजा म्हणा.

ता.क. ३. तिच्या घरची फरशी एका कोपऱ्यात खचलेली आहे. टेबल ठेवल्यावर डुगडुगलं तर कोणत्या बाजूने फिरवायचं, डावीकडून की उजवीकडून, ते बाबांना विचारून कळवा. मी विचारलंय असं सांगू नका. ते स्वतःच जागेवर येऊन बघतो म्हणाले, तर मात्र सांगा.