मासा उसळला की इंजिन बंद

लँडर्स बेंड, आयोवा
८ सप्टेंबर १९७४

चि. आर्डिस हीस, अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. यंदाचे बास मासे आले. धरणाच्या वर, जिथे मिसिसिपी मैलभर रुंद होते, तिथे रोज सकाळी ते बारीक मासळीला घेरून वर रेटतात. एकरभर पाणी उसळतं आणि वर कुरव पक्ष्यांचा नुसता कल्लोळ. साठ वर्षं पाहतोय, तरी ऊर भरून येतो.

परवा एक घोटाळा झाला. कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहितो. मासे उसळले की दोनशे हात अलीकडे इंजिन बंद करायचं आणि वाऱ्यावर वाहत जायचं, हा इथला नियम तुला ठाऊक आहे. तो मोडला म्हणून शेजारच्या वेंडेलशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. तर परवा माझ्याच इंजिनाचा दांडा अडकला आणि नाव थेट माशांच्या मधोमध घुसली. मासे तळाला गेले, सगळ्यांची सकाळ वाया. वेंडेल ओरडला की म्हाताऱ्या, डोळे गहाण टाकलेस की काय! टाकून बोलायची त्याची जुनीच खोड. दांडा दुरुस्त करून घेतला आहे.

पोरांना पापा. लिहीत जा, म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं.

तुझा,
पपा

मिलवॉकी
१५ सप्टेंबर

ती. पपांस, सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात तीन ठिकाणी ओळीवर ओळ चढली आहे, आणि निम्मी सही बहुधा टेबलावर राहिली. म्हणून मी वेंडेलकाकांना फोन केला. दांडाबिंडा काही अडकला नव्हता म्हणाले. तुम्हाला पक्षी दिसलेच नाहीत. वर म्हणाले की पोरी, त्याच्यावर ओरडलो ते आता आम्हालाच लागतंय. डॉक्टरांनी मे महिन्यातच डोळ्यांचं सांगितलं होतं, हेही मला त्यांच्याकडूनच कळावं?

आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुम्हीच. तुम्ही त्या पाण्यावर एकटे, तेही डोळ्यांना दिसत नसताना, या विचाराने माझी झोप उडाली आहे. रागवा, रुसा, पण शनिवारी मी येते आहे. नाव विकायची आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. त्याआधी एकदा नदीवर जाऊ. नाव मी चालवीन.

राग येईलच, पण माया आटू देऊ नये.

तुमची,
आर्डिस

लँडर्स बेंड
२९ सप्टेंबर

चि. आर्डिस हीस, अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय आणि वेंडेल लिहितोय, त्यामुळे ओळी सरळ आहेत. अक्षर मात्र कोंबडीने उकरल्यासारखं असणार.

तो शनिवार मनातून जात नाही. तू इंजिन बंद केलंस, मी पुढच्या टोकाला, नाळेवर बसलो, आणि नदी गप्प झाली. एवढी गप्प मी तिला जन्मात ऐकली नव्हती. मग लांब डावीकडे, कढईत चरबी तडतडावी तसा आवाज. मी बोट दाखवलं, तू वल्हं मारलंस, आणि बघता बघता मासे नावेच्या तळाला थडाथडा धडकू लागले. गळाच्या पहिल्याच फेकीला बास लागला. दोरीतून त्याची ती धडपड हाताला कळली आणि मला रडू आलं. ही नदी आता माझी उरली नाही, असं धरून चाललो होतो गं.

तू नावेची किल्ली मागितलीच नाहीस, तशीच निघून गेलीस. तेव्हा सरळ विचारतो, नाव विकायची का? आणि आणखी एक. ऐन हंगामातला शनिवार, तरी नदीवर कुणीच कसं नव्हतं? वेंडेलला विचारलं तर तो लिहायचं सोडून नाक शिंकरत बसलाय.

उत्तराला उशीर करू नकोस. थंडीत जपून.

तुझा,
पपा

मिलवॉकी
४ ऑक्टोबर

ती. पपांस, सा. न. वि. वि.

वेंडेलकाका, हे वाचून दाखवताना एक शब्दही गाळायचा नाही.

पपा, मी किल्ली न्यायलाच आले होते. लहानपणी त्या नावेत मला कंटाळा यायचा, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी सगळं पाणी चांदीचं होऊन उभं राहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं काही आपल्या अंगणात घडतं आणि मी ते विकायला निघाले होते! नाव विकायची नाही. मात्र एकट्याने जायचं नाही. इंजिनापाशी वेंडेलकाका, नाळेवर तुम्ही. ते कबूल आहेत. नदी गोठली की माझ्याकडे यायचं, यात घासाघीस चालणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्या दिवशी नदीवर एकोणीस नावा होत्या. तुम्ही मान वळवून कान लावलात, ते वेंडेलकाकांनी पाहिलं. त्यांनी आपलं इंजिन बंद केलं आणि टोपी वर धरली. मग शेजारच्याने बंद केलं, मग त्याच्या पलीकडच्याने, पार समोरच्या इलिनॉयच्या काठापर्यंत. पक्षी कुठे घिरट्या घालताहेत ते त्या सगळ्यांना केव्हाच दिसलं होतं. मलाही दिसलं होतं. तुम्ही बोट दाखवेपर्यंत एकही नाव पुढे गेली नाही.

पोरांचे नमस्कार. आमच्यावर जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची,
आर्डिस